लोखंडाला चढवलेली चमक

माझ्या मोठ्या भावाचा धर्म काचेच्या कपाटात राहतो. सिडकोत बंगला बांधला तेव्हा त्यानं दिवाणखान्यात एक कपाट करून घेतलं, आत दिवा लावला आणि लोखंडी ताट, वाटी, पेला मांडून ठेवला. पाहुणे आले की सांगायचा, "आमच्यात सर्बलोह. शुद्ध लोखंडातच जेवायचं." आणि तेवढं सांगून मेलामाईनच्या फुलाफुलांच्या ताटलीत भजी खायचा. लोकांना त्याचं कौतुक वाटे. मला किळस यायची.

आम्ही दख्खनी शीख. पूर्वज निजामाच्या फौजेत आले नि इथलेच झाले. पोलीस ॲक्शननंतर जन्मलेली आम्ही दोघं भावंडं तर भांडायचोसुद्धा मराठीत. आईला मात्र माँजी म्हणायचो. नांदेडला अमृत घेऊन, म्हणजे पंथाची दीक्षा घेऊन आल्यापासून माँजी लोखंडाशिवाय दुसऱ्या भांड्यात जेवली नाही. एक मोठी कढई, एक लहान, आणि जेवायला बाटा, म्हणजे खोल, जड वाडगा. राखेनं घासायची, चुलीवर कोरडा करायची, वर तेलाचं बोट फिरवायची. चिंचेचं वरण त्यात काळं पडायचं. गुलमंडीतून स्टीलचे डबे आणून त्यावर नावं घालून घेणाऱ्या शेजारणी त्या वरणाकडं बघून नाकं मुरडायच्या. बघण्यासारखं त्यांच्या डब्यांवर नावाशिवाय काही नव्हतं.

"लोखंड कुणाच्या पण घरात असतंय," माँजी म्हणायची. "तलवार पण त्याचीच, तवा पण त्याचाच. ते समोर असलं की आपण लई मोठं, असं वाटत नाय. घास देणाऱ्याची याद राहती."

माझ्या लग्नात तिनं मोठी कढई मला दिली.

वडील गेल्यावर भाऊ तिला बंगल्यावर घेऊन गेला. तिची काळी भांडी त्याच्या चकचकीत ओट्यावर शोभेनात. मग या शहाण्यानं काय करावं? एका सकाळी ती आणि कपाटातलीसुद्धा गुपचूप उचलली, चिकलठाण्याकडच्या एका कारखान्यात नेली आणि क्रोमचा मुलामा देऊन आणली. मोटारीच्या बंपरला देतात तसा. आणि रविवारी दुपारी चार पाहुण्यांसमोर त्या बाट्यात तिला वाढलं.

माँजीनं बाट्यात आपलं तोंड पाहिलं. कडेवर नख घासून बघितलं आणि बाटा बाजूला सारला.

"भूक नाय मला."

दुसऱ्या दिवशीही ती जेवली नाही. ओंजळीनं पाणी तेवढं प्यायची. सत्तरीच्या पुढची बाई, हाडं नि कातडं उरलेली. तिसऱ्या दिवशी भाऊ घाबरून मला न्यायला आला. मी गेले, आणि खरं सांगायचं तर खुशीत गेले. आयती संधी होती. तिच्या उशाशी बसून मी त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. सर्बलोह म्हणजे काय, साधेपणा म्हणजे काय, तुझ्यासारख्या दिखाऊ माणसाला ते सात जन्मांत कळायचं नाही, असं बरंच काही बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता.

"नवी कढई आणतो ना, आत्ताच्या आत्ता," शेवटी तो म्हणाला.

"नवी कशाला?" माँजी पडल्या पडल्या म्हणाली. "हिच्याकडं हाय की माझी. ती आण बाई."

मी उठून चपला घातल्या.

कढई माझ्या गॅलरीत होती. तिच्यात कोरफड लावली होती. पाणी साचू नये म्हणून बुडाला तीन भोकं मीच पाडून घेतली होती, पैसे देऊन. घरी जाऊन कोरफड उपटली, माती झटकली. दुकानातून दुसरी घ्यावी नि हीच ती म्हणून दाखवावी, असंही मनात येऊन गेलं. पण त्या कढईचा एक कान वाकडा होता आणि तो माँजीला पाठ होता.

तिनं कढई हातात घेतली, उजेडाकडं धरली. तिन्ही भोकांतून खिडकी दिसत होती. भावानं ते पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी तासाभरापूर्वी त्याला दिलं होतं.

माँजी उठून बसली. अंगणातली माती नि काथ्या मागून घेऊन तिनं स्वतःच्या हातानं कढई घासली, पदरानं पुसली.

"पातळ काय वाढू नको," ती मला म्हणाली. "भाकर घाल. ती तर तव्यावरच भाजती, लोखंडावरच."

मी भाकरी केली, कढईत घातली. तिनं डोळे मिटून हात जोडले आणि खायला लागली. भोकांतून चुरा तिच्या मांडीवर पडत होता. तो वेचून ती तोंडात टाकत होती. भोकांबद्दल तिनं मला काहीच विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतर कधीच नाही.