शाब्बासकी

बिबवेवाडीच्या कौशल्याताई रागावल्या की खालच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जायचं. नात पूर्णिमाने कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि त्याने पायपुसण्यावर शू केली, तेव्हा रिक्षास्टँडवरही कळलं.

"ओरडू नकोस, आजी. घाबरून ते लपून करायला लागेल. खाल्लं, झोपून उठलं, की लगेच खाली न्यायचं. तिथे केली की शाब्बास म्हणायचं."

"शू केली म्हणून शाब्बास? वा!"

पण पूर्णिमा ऑफिसला जायची आणि पिल्लू आजीच्या गळ्यात पडायचं. हळूहळू कडुनिंबाखालून "शाब्बास रे माझ्या राजा!" ऐकू येऊ लागलं.

वर पलंगावर कोंडीराम, त्यांचे पती, ते ऐकत पडलेले असायचे. अर्धांगवायूनंतर त्यांचंही अंथरूण अधूनमधून ओलं व्हायचं. मग सगळ्या इमारतीला कळायचं.

एका सकाळी कौशल्याताईंना पलंगाखाली कोंबलेली ओली चादर सापडली. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"अहो, चहा झाला की मीच नेत जाईन तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या.

दुपारच्या चहानंतर दोघं वेळेत बाथरूममध्ये पोचले. परत येताना कोंडीराम दारातच थांबले.

"मला नाही म्हणालीस, शाब्बास?"