पिंपळाला कॉलम नाही

फोटोत विहीर होती. आम्ही उभे होतो तिथं नुसत्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. गट नंबर तोच, शेत तेच, मालकीणही समोर. विहीर तेवढी गायब.

मी निवृत्त शाखा अभियंता. सध्या सामाजिक अंकेक्षण करतो. सरकारी योजनेतली कामं कागदावर आहेत तशी गावात आहेत का, ते बघायचं आणि सापडेल ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचं. चारचौघांत वाचलं की खाणारा वचकतो, असा त्यामागचा हिशोब. परतूर तालुक्यातल्या या गावात विहिरी तपासायच्या होत्या.

"कौसाबाई, विहीर कुठंय?"

"हाय की सायेब. वढ्याच्या पल्याड, दिराच्या रानात."

जाऊन बघितली. नवी खोदलेली, तळाला पाणी, आतून बांधायची तेवढी बाकी. तिच्या रानात बारा फुटांवर काळा पाषाण लागला, म्हणून तो खड्डा बुजवला आणि दिरानं तोंडी जागा दिली. खोदकाम खरं, पाणी खरं. पण विहीर लाभार्थ्याच्याच जमिनीत पाहिजे, हा नियम. कागदावर जुनाच गट राहिला होता.

दुसरी विहीर माजी सरपंचांच्या भावाची. गट, फोटो, सह्या, सगळं जुळत होतं. मी आत डोकावलो. दगडांवर शेवाळ, आणि सांध्यातून हातभर पिंपळ उगवलेला. वरचा काठ तेवढा नव्या सिमेंटचा. जुन्या विहिरीला टोपी घालून नवी म्हणून दाखवली होती, हे शेंबडं पोरही सांगेल.

गावात विचारलं तर चहावाला म्हणाला, "नवीच म्हणायची."

कौसाबाईला विचारलं. तिनं मान खाली घातली. "न्हाई बोलता येत सायेब. माझी जागा बदलली तवा सरपंचानंच संभाळून घेतलं."

इथं खोट्या कागदाची विहीर खरी होती आणि खऱ्या कागदाची खोटी. तालुक्याच्या समन्वयक मॅडमना फोन लावला.

"कागद जुळतात ना? मग आक्षेप कशाचा?"

"आत पिंपळ आहे, मॅडम."

"फॉर्ममध्ये पिंपळाला कॉलम आहे का?"

नव्हता.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. खरं ते बोला, असं मी सुरुवातीलाच सांगितलं. यादीच्या क्रमानं मी कौसाबाईचं नाव आधी वाचलं. ती एकटीच उघडी पडली, तेवढी चूक माझी. मग तीच उठली.

"बराबर हाय. माझी विहीर दुसऱ्याच्या रानात हाय, लिहा. आता कशाला भेऊ? मंग सरपंचाच्या भावाचीबी लिहा. ती त्यायच्या बापानं खांदली. लगीन होऊन आले तवा मी तिथलंच पाणी शेंदीत होते."

सात-आठ हात वर झाले. एकेक जण बोलायला लागला. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. दोन्ही आक्षेप लिहिले, सह्या-अंगठे घेतले.

पंधरा दिवसांत कौसाबाईचं काम थांबवण्याचा आदेश निघाला. तिनं स्वतःच लिहून दिलं होतं, चौकशी करायला उरलंच काय? जुन्या विहिरीची मात्र रीतसर चौकशी झाली. साक्षीला तालुक्याला बोलावलं. एक दिवसाची मजुरी बुडवून दोघंच गेले. कागद पुन्हा जुळले आणि आक्षेप निकाली निघाला.

"प्रक्रिया बरोबरच झालीय," मॅडम म्हणाल्या. खरंच, नियमाला सोडून कुणी काहीच केलं नव्हतं. म्हणूनच मला कळेना की रागवायचं कुणावर.

पावसाळ्यात न बांधलेल्या विहिरीची एक बाजू ढासळली. मी गेलो तेव्हा कौसाबाई काठावर उभी होती. आत पाण्याऐवजी चिखल.

"सायेब, खरं बोला असं तुम्हीच म्हणत होते ना?"

"हो."

"मंग?"

मी चप्पल झटकत उभा राहिलो.

अंकेक्षण मी अजून करतो. फक्त आता सभेत कुणाला बोला म्हणण्याआधी, बोलल्यावर पहिली नोटीस कुणाला येऊ शकते तेही सांगतो. तेव्हापासून माझ्या अहवालात 'आक्षेप: निरंक' असं जास्त वेळा येतं. मॅडम खूश आहेत. गावं सुधारली म्हणतात.