ताईच्या नावानं आत कोण आलं?

पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, आमच्या संस्थेतल्या ताईवर अन्याय झाला. पण आधी ताई कोण, ते ऐका.

आमची संस्था गावांना वनहक्क मिळवून द्यायचं काम करते; ती बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरकडची गावं सांभाळायची. बालाघाटच्या ऑफिसचं दार सताड उघडं असलं तरी चौकटीवर बोटं वाजवायची आणि म्हणायची, "मी होय जी."

"दिसून राह्यली ना तू, ताई!" आम्ही चिडवायचो.

"दिसनं अलग, सांगनं अलग. कोनाकडं असं घुसाचं काहून?"

गावात तर अंगणाबाहेर आवाज देऊन थांबायची, आतून कोणी "ये" म्हणेपर्यंत. जीपवाला हॉर्न वाजवून दमायचा. ऑफिसच्या चॅटवर ती कधी टाइप करत नसे, बोलूनच पाठवायची. सुरुवात तिथंही तीच.

त्या दुपारी तिच्या नावानं टाइप केलेला निरोप आला: उद्याची वनहक्क दाव्यांची सुनावणी रद्द. कार्यकर्त्यांनी तो गावोगाव पोचवला. सुनावणी झालीच, रिकाम्या खुर्च्यांसमोर, आणि गावांचे दावे बाजूला पडले.

संचालक म्हणाले, "खातं तुमचं, म्हणजे निरोप तुमचा."

"ते मी नोहोय जी," ताई एवढंच म्हणाली. तिला काढलं, तसा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, आणि त्याखाली पसंतीचे अंगठे उमटले.

मला मात्र झोंबत राहिलं: कुलूप न तोडता माणूस आत येतो कसा? मी शोधत बसलो. आमचं चॅट स्वतः काही विचारत नाही. बाहेरच्या दोन-तीन साइटींच्या खात्यानं त्यात शिरता येतं; त्यांपैकी कुणीही "हा अमुक ई-मेलवाला" म्हटलं की दार उघडतं. त्यातल्या एका साइटवर मी संचालकांचा ई-मेल टाकून नवं खातं काढलं. हा पत्ता तुझाच का, असं कोणीही विचारलं नाही. चॅटनं पत्ता जुळवला आणि मला थेट संचालकांच्या खुर्चीत नेऊन बसवलं! ना पासवर्ड, ना ओटीपी. ग्रुपवर त्यांच्या नावानं मी लिहिलं, "मी होय जी."

संचालक तणतणत आले. "हे मी लिहिलेलं नाही!"

"खातं तर तुमचंच आहे, सर."

दुसऱ्याच दिवशी चॅटचं कुलूप दुरुस्त झालं. ताईला फोन कोणीच केला नाही. मी केला.

"कोन आलतं रे माह्या नावानं?"

"कळलं नाही, ताई. पण तू नव्हतीस, हे कळलं."

"हौ, मले तं पहिलेच मालूम होतं." ती हसली. मग म्हणाली, "आता गावात आवाज देते, तं आतून कोनी 'ये' नाही म्हनत."

ऑफिसची चौकट आता कोणी वाजवत नाही. सगळे सरळ आत येतात.

ताईला तुम्ही नीट ओळखत नव्हता, पण ऑफिसच्या त्या ग्रुपवर तुम्हीही होता. ताईला काढल्याच्या निरोपाखाली तुमचा अंगठा अजून तसाच आहे. तो काढा. तिथंच, टाइप न करता, आपल्या आवाजात, आपलं नाव सांगून बोला: ती ताई नव्हती. मग बैहरची जीप धरा, अंगणाबाहेर उभे राहा, आणि तिथंही हेच सांगा.