पातेल्याची कल्हई

निशिकांतराव सबनीसांना निवृत्त म्हटलेलं खपत नसे. उभी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस घरी बसला, तरी त्याचे हात थोडेच घरी बसतात? सिंगापुरात वुडलँड्सच्या त्यांच्या फ्लॅटमधला एकही नळ, एकही बिजागरी त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती. शेजारच्या चिनी आजींचा पंखाही त्यांनी आपणहून दुरुस्त करून दिला होता. तो आधी आवाज करत नव्हता, आता करायला लागला. पण आजी भिडस्त, त्यांनी हसून केक आणून दिला.

त्यांचा खरा जीव मात्र शिशात अडकला होता. रोज सकाळी जेट्टीवर गळ टाकून बसायचं, समोर पाण्यापलीकडच्या मलेशियातल्या जोहोरच्या इमारती बघायच्या आणि गळाला लावायची वजनं स्वतः ओतलेली वापरायची, असा त्यांचा नेम. बाजारची वजनं म्हणजे त्यांच्या लेखी बाजारच्या पुरणपोळ्या. मोटारींच्या चाकांची जुनी शिशाची वजनं गोळा करून स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत ते कढईत वितळवायचे आणि साच्यात ओतायचे. मासे फारसे लागत नसत, वजनं मात्र ढीगभर साठत. पत्नी प्रेमाताई होत्या तोवर त्या कढईवरून घरात रोज वाजायचं. त्या गेल्यावर बोलणारं कोणी उरलं नाही आणि निशिकांतरावांना ओतकामाची पहिली चव काही परत लागली नाही.

मग सून गार्गीला दिवस गेले. तोआ पायोहच्या एका ऑफिसात ती नोकरी करायची. मुलगा उन्मेष बापासारखाच जहाजावरचा इंजिनिअर, बातमी कळली तेव्हा तो भर समुद्रात. फोनवर त्याचा आवाज चिंतेचा वाटला, तेव्हा निशिकांतराव म्हणाले, "तू तुझं जहाज सांभाळ. मी आहे ना घरी."

शब्द दिला तो त्यांनी पाळलाही. शिसं पोटातल्या बाळाला बाधतं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्याच दिवशी कढई, पळी, साचे असा सगळा संसार उचलून त्यांनी मित्र श्रीनिवास यांच्या वर्कशॉपमध्ये हलवला. तिथून निघताना कपडे बदलायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, घरी आल्यावर पुन्हा अंघोळ. इतकं सोवळं प्रेमाताईंनी गौरीच्या नैवेद्यालाही पाळलं नसेल.

गार्गीला डोहाळे लागले ते आंबटाचे. सकाळी आमसुलाचं सार, रात्री आमसुलाचं सार. तिची आई चिपळूणला, व्हिसाचं घोंगडं अजून भिजत पडलेलं. तेव्हा डोहाळे पुरवायचे कोणी? निशिकांतरावांनी पदर खोचला, म्हणजे त्यांच्याकडे होता तो पंचा खोचला, आणि साराला बसले. स्टीलच्या भांड्यात केलेलं सार त्यांना नुसतं पाहूनच पाणचट वाटलं. प्रेमाताई सार करायच्या ते माहेरहून आणलेल्या पितळी पातेल्यात. पातेलं माळ्यावर होतं, पण त्याची कल्हई पार उडालेली. उघड्या पितळेत आंबट कळकतं आणि कळकलेलं पोटात गेलं तर विष, हे शेंबडं पोरही जाणतं. निदान निशिकांतरावांच्या लहानपणी जाणत असे.

सिंगापुरात कल्हईवाला कुठला मिळायला! पण ज्याने जहाजाच्या बेअरिंगांना कथिलाचा हात दिलाय त्याला पातेलं काय जड? कल्हईला लागणारा नवसागर लिटिल इंडियातल्या एका जुन्या दुकानात मिळाला. श्रीनिवासांनी दोन कांड्या काढून दिल्या. एक शुद्ध कथिलाची, कल्हईसाठी. दुसरी डाखाची, अर्धं कथील आणि अर्धं शिसं. ती गळाच्या वजनांसाठी, कारण अलीकडे त्यांची वजनं सुरकुतलेली निघत होती, साच्याचे कोपरे भरतच नव्हते आणि शिशात थोडं कथील गेलं की ते नीट वाहतं. दोन्ही कांड्या दिसायला सारख्या. म्हणून श्रीनिवासांनी दोन्हींवर मार्करने मोठ्ठं नाव लिहून ठेवलं.

मध्ये आली खंडेनवमी. हत्यारांची पूजा निशिकांतरावांनी जहाजावर असतानाही कधी चुकवली नव्हती. फिलिपिनो खलाशी कुतूहलाने बघत आणि प्रसादाच्या वेळी सगळ्यांत पुढे असत. त्यांनी वर्कशॉपमधली यच्चयावत अवजारं चिंच-मीठ लावून लखलखीत घासली, त्यात दोन्ही कांड्याही घासल्या. वरची अक्षरं गेली ती त्यांनी पाहिली. पण डावीकडची कथिलाची, उजवीकडची डाखाची, एवढं लक्षात ठेवायला काय झालं? बाकावर सगळी अवजारं मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, मनोभावे हात जोडले. दसऱ्याच्या सकाळी येऊन डावीकडची कांडी उचलली आणि घरी नेली.

कल्हई झकास झाली. कथील अपेक्षेपेक्षा लवकर वितळलं, तेव्हा आपला हात अजून बसलेला आहे म्हणून निशिकांतराव खूशच झाले. गार्गीने पातेल्याचा फोटो काढून उन्मेषला पाठवला. त्या दिवसापासून घरात रोज सार शिजू लागलं. स्वतः निशिकांतरावांना पित्ताचा त्रास, त्यांनी आंबट कधीच सोडलेलं. ते सार चाखतही नसत, मीठ पुरेसं आहे का ते गार्गीलाच विचारत. उरलेलं पातेल्यातच झाकून ठेवत, कारण मुरलेलं सार तिला जास्त आवडे.

हळूहळू तिचं पोट दुखायला लागलं, चेहरा उतरला, जिना चढताना दम लागू लागला. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पहिलटकरणीला असं व्हायचंच, असं फोनवर चिपळूणच्या विहीणबाई म्हणाल्या. दुसरं काही खाववत नाही म्हणून गार्गी नुसत्या सारभातावर राहू लागली आणि निशिकांतराव पातेलं काठोकाठ भरू लागले.

दसऱ्यानंतर कित्येक आठवडे ते वर्कशॉपकडे फिरकले नव्हते. शेवटी एका दुपारी गार्गीनेच त्यांना ढकललं, म्हणाली सारखे माझ्या उशाशी बसू नका. त्यांनी कढई चढवली. पहिली वजनं पुन्हा सुरकुतलेली. साचा थंड असेल म्हणून साचा तापवला, तर वजनांवर पांढुरकी बुरशी आल्यासारखं दिसू लागलं. आच उतरवली, वरची साय काढून टाकली, साच्याला मेणबत्तीची काजळी दिली. तरी कोपरे बोथटच. मग ती उरलेली डाखाची कांडी हाती घेतली आणि तिचा मोठा तुकडा शिशात सोडला.

आणि काय सांगावं, साचा उघडला तर आत चांदीचा दागिना! प्रत्येक कोपरा भरलेला, साच्यावरचा बारीक ओरखडासुद्धा वजनावर उमटलेला. प्रेमाताई गेल्यापासून असा आनंद त्यांना झाला नव्हता. त्यांनी श्रीनिवासांना हाक मारली. श्रीनिवासांनी वजन हातात घेतलं, नख लावून पाहिलं, काट्यावर ठेवलं. जरा कडक आहे म्हणाले, आणि हलकंही. अर्ध्या शिशाच्या डाखाने एवढा फरक पडायचा नाही.

निशिकांतरावांनी उरलेली कांडी उचलली आणि कानाशी धरून वाकवली. कांडी कुरकुरली. शुद्ध कथील वाकवलं की कुरकुरतं, त्यात शिसं मिसळलं की ते मुकं होतं. हे ते उमेदवारीच्या पहिल्या वर्षी शिकले होते.

"ही तर कथिलाची," श्रीनिवास म्हणाले. "मग पातेल्याला काय लावलंस?"

तेव्हा त्यांना सगळं आठवलं. पूजा करताना ते बाकाच्या अलीकडे बसले होते आणि दसऱ्याला घाईत पलीकडच्या दाराने आले होते. पलीकडून पाहिलं की डावीकडचं उजवीकडे. जहाजावर डावं-उजवं कुठे तोंड करून म्हणायचं हे नव्या पोरांना घसा फोडून शिकवणारा माणूस स्वतः मात्र बाकाच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते विसरला होता.

बसमध्ये त्यांच्या मनात वाईट विचारही आला. पातेलं गुपचूप टाकून द्यावं, गार्गीला काही बोलू नये, कळणार कोणाला? त्या विचाराची त्यांना इतकी किळस आली की ते एक स्टॉप आधीच उतरले आणि चालत घरी गेले.

गार्गी जेवायला बसली होती. त्यांनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा एक हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

गार्गीचं रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं, मर्यादेच्या कितीतरी वर. ते नाळेतून बाळाकडेही जातं, डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. आता आणखी जाणार नाही, पण गेलं त्याचं काय झालं ते आज कोणी सांगू शकणार नाही. मूल जन्मल्यावर पाहू, ते बोलायला लागल्यावर पाहू, शाळेत गेल्यावर पाहू. म्हणजे ही टांगती तलवार वर्षानुवर्षांची. घरात आणखी कोण राहतं, त्यांचंही रक्त तपासा, असं त्या म्हणाल्या.

उन्मेषचा फोन लागला, त्यांनी त्यालाही सगळं सांगितलं. त्याने आदळआपट केली असती तर निशिकांतरावांना बरं वाटलं असतं.

"बाबा, तुम्ही होतात ना घरी," एवढंच तो म्हणाला.

पातेलं श्रीनिवास येऊन घेऊन गेले. गार्गी सासऱ्यांना एक शब्द टाकून बोलली नाही. उलट चूक काय मुद्दाम केलीत का, असं म्हणाली, आणि ते ऐकून निशिकांतरावांना बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडावं लागलं. आपल्याही रक्तात शिसं निघावं, तिच्या दुप्पट निघावं, असं ते देवाला विनवत राहिले. जन्मभर शिशात हात घातलेल्या माणसासाठी ते फार मोठं मागणं नव्हतं.

त्यांचा रिपोर्ट गार्गीच्याच फोनवर आला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला.

"बाबा, तुमचं अगदी नॉर्मल आहे," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे न बघता, "तुम्ही कधी चाखलंसुद्धा नाहीत ना. सगळं माझ्यासाठीच ठेवायचात."

ती उठून आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कुकरची शिट्टी झाली. निशिकांतराव स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला. भात झाला होता. त्याच्याबरोबर तिला काय करून वाढावं ते त्यांना सुचेना, आणि आपल्या हातचं ती आता खाईल का, हे दाराबाहेरून विचारायचा धीर त्यांना झाला नाही.