दवबिंदूच्या पानावर अक्काचं शीत

कम्युनिटीतल्या झाडवेड्यांनो, मळमड्डीच्या सायबर कॅफेतून लिहितोय. फोटो नंतर चढवतो.

काल अळणावरजवळच्या ओल्या माळावरून दवबिंदूचं रोप आणलं. रुपयाएवढं, लालसर. पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात. किडा बसला की अडकतो आणि झाड त्याला हळूहळू पचवतं.

हे कळल्यावर माझी मोठी बहीण, अक्का, बिथरलीच. "तुळशीशेजारी हे असलं? पोटाला मिळालं तर कशाला मारेल किडे?"

आज जेवणाआधी कावळ्यासाठी भात काढताना तिने त्यातलं एक तुपाचं शीत रोपाच्या पानावर ठेवलं. झाड भात खातं का, हे मलाही बघायचं होतं, म्हणून मी तिला अडवलं नाही.

तासाभराने पाहिलं तर शीत जसंच्या तसं होतं. पण तुपाच्या वासाने मुंग्या आल्या होत्या आणि त्यातल्या दोघी पानाला चिकटून पाय झाडत होत्या. केस त्यांच्यावर वाकायला लागले होते.

अक्का वाकून बघत राहिली. "अय्यो, म्हणजे मीच वाढलं की रे याला."

मी रोप उचलायला गेलो, तर तिने हात धरला. "राहू दे. मुंगी पचायला किती वेळ लागतो?"

मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का? मी इकडे यायला निघालो तेव्हाही ती तिथेच बसली होती.