चुळबुळ मावशींचं पान

चुळबुळ मावशींना खुर्चीत निवांत टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. मालवाहतुकीच्या एका अवाढव्य कंपनीत त्या गाड्या सोडायच्या. नकाशा एकीकडे, गोदामातला साठा दुसरीकडे, ड्रायव्हरांचे निरोप तिसरीकडे; वैतागून बाईंनी कुणाला न विचारता हे सगळं जोडून कॉम्प्युटरवर एकच पान केलं. बघता बघता सगळ्या शाखा त्याच पानावर विसंबल्या. गंमत म्हणजे, कॉम्प्युटर खात्याला याचा पत्ताच नव्हता!

पान चालायचं मावशींच्या पासवर्डवर. सकाळी त्यांनी ते उघडलं तरच गाड्या हलायच्या. अशात लेकीचे दिवस भरत आले आणि बाईंच्या जिवाला घोर लागला. सांगितलं तर नोकरी जाणार, न सांगता गेलं तर गाड्या अडकणार. शेवटी हिय्या करून त्या खात्याच्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"मावशी, हे नियमात बसत नाही हो."

"मग बंद करा. मला लेकीकडे जाऊ द्या."

"बंद केलं तर उद्या सगळ्या शाखा माझ्या दारात येऊन बसतील! आजपासून पान खात्याचं, पासवर्डही आमचा. तुम्ही निघा बघू."

आता तरी बाईंनी निर्धास्त व्हावं की नाही? छे! नात धड मांडीवर स्थिरावलीही नव्हती, तोच हात मोबाइलकडे; पान उघडायला जुना पासवर्ड टाकून पाहिला. मावशींचा चेहरा उतरला.

"आई, गाड्या अडकल्या का गं?" लेकीनं विचारलं.

"अगं, त्या चालल्याच असतील. मलाच आत घेत नाहीत मेले!"