तक्त्याचं टेबल

दुष्काळाच्या साली म्हसवडकडून मी सांगलीला आलो आणि पंप बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, लागलो. काम शिकवलं ते कुंडलच्या एका मिस्त्रींनी. मी त्यांना मामा म्हणायचो. पाठमोरे उभे असले तरी नुसत्या आवाजावरून टूलची धार गेल्याचं ते सांगायचे.

मग धाकटे मालक पुण्याहून शिकून आले. दर दोन महिन्यांनी मशिनं हलू लागली, माणसंही. प्रत्येकाला प्रत्येक काम यायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. माझं अक्षर बरं, म्हणून कोण कुठल्या मशीनवर याचा तक्ता करायचं काम लेथ सांभाळून माझ्याकडं आलं.

मामांना मी दर वेळी जुन्याच लेथवर ठेवायचो. नव्या मशीनवर ड्रॉइंग वाचावं लागे, आणि मामांना आकड्यांपलीकडं वाचता येत नाही हे एकट्या मला ठाऊक होतं. तीनदा खपलं. चौथ्यांदा धाकट्या मालकांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"हे हललेच नाहीत. का?"

खरं सांगावं तर मामांची अब्रू जाणार, न सांगावं तर माझी नोकरी. मी खोडरबर शोधू लागलो. "सोमवारपासून नव्या मशीनवर," म्हणून ते गेले.

बदली आणि तक्त्यातली माझी युक्ती मामांना सांगितली तेव्हा ते रागावले, पण बदलीवर नाही.

"मला इचारलंस का रं? झाकून ठिवलंस मला. समदी फुडं गेली, मीच ऱ्हायलो."

"आवं मामा, तुमच्यासाठीच केलं."

"मग शिकीव की."

रोज डबा खाऊन झाला की मी फरशीवर खडूनं ड्रॉइंग काढायचो. पहिले चार नग त्यांनी बिघडवले. पावसाळा सरेपर्यंत ते दुसऱ्यांना शिकवायला लागले.

तो तक्ता मात्र मला सुटला नाही. उलट लेथच काढून घेतला आणि मला टेबल दिलं. परत लेथ मागितला, तर धाकटे मालक म्हणाले, "माणसं तुम्हालाच कळतात. तुम्ही इथंच बरे." सगळा कारखाना फिरत राहिला आणि मी सहा वर्षं त्या टेबलाशी. सोडून जावं तर गावाकडं कोरडं रान, आणि दुसऱ्या कारखान्यात हातातलं कसब विचारणार.

एकदा लेथवरचा माणूस आला नाही, म्हणून मी हौसेनं उभा राहिलो. टूल बसवताना हात अडखळला. मामा शेजारून बघत होते.

"ऱ्हाऊ दे," ते हळू म्हणाले आणि टूल त्यांनीच बसवलं.